दोनशे बारावं पान

रायबंदरच्या धक्क्यावरून सव्वासहाची फेरी सुटते
आणि मी पुस्तक उघडते.
चोडण येईतो सात मिनिटं, फार तर आठ,
म्हणजे चार पानं.
अशा हप्त्यांनी एक प्रेमकथा संपायला
अडीच महिने लागतात,
तरी तिच्यातल्या दोघांपेक्षा मीच उतावीळ.

त्यांच्या बोटाला बोट लागायला
दोनशे बारा पानं.
तोवर तो नुसता मित्र.
तिच्या सायकलची चेन बसवतो, तिच्या आईच्या गोळ्या आणतो,
तिला बघायला आलेल्या पाहुण्यांसोबत बसून
पोहेसुद्धा खातो.
मी कठड्याला टेकून
मनातल्या मनात ओरडते:
अगं, बघ ना त्याच्याकडे!

हेच आवडतं मला.
पहिल्या पानावर वीज कोसळणारी प्रेमं
मला पटत नाहीत.
वीज कोसळली की आमच्याकडे माड जळतो,
दुसरं काही होत नाही.
त्यापेक्षा खाजनातली मानस बरी.
भरतीला तिचं दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
कुणी हात लावलेला नसतो,
आणि एक दिवस बांधावरून जाताना ध्यानात येतं,
आतलं शेत खारं झालंच नाही.

पण ही कळ सगळ्याच पुस्तकांना सोसत नाही.
दीडशे पानांनंतर लेखिकेला काही सुचेनासं होतं.
मग एक चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते,
बंगळुरूहून कुणाची तरी चुलतबहीण येते
आणि थेट नायकाच्या स्कूटरवर बसते,
आणि एका वाक्यात मिटलं असतं त्याच्यासाठी
पेजेत पाणी वाढवावं
तशी सहा प्रकरणं वाढतात.

शेवटी ती दोघं एकमेकांची होतात. होऊ देत.
पण त्या पानापासून तिचा मित्र कुठं गेला
हे कुणीच लिहीत नाही.
उद्या नवऱ्याशी वाजलं
तर ती कुणाच्या पायरीवर जाऊन रडणार?
जिथं जायची, ती पायरी आता तिच्याच घराची.

सगुण रोज याच फेरीनं येतो.
अकरा वर्षं झाली.
पणजीला चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो,
नखांत ती पांढरी पूड असते.
उतरायच्या आधी माझी पिशवी
त्याच्या स्कूटरच्या हुकाला लागलेली असते,
विचारत नाही.
मार्चमध्ये मीठ लावलेली काजूची बोंडं आणतो,
आणि कांदळांत बगळा दिसला
की बोलता बोलता मध्येच थांबतो.

पुस्तकांनी मला खोड लावली आहे.
मी ती पिशवी, ती बोंडं, ते थांबणं
सगळ्यांवर पानांचे आकडे टाकत बसते.
हे कितवं? नव्वदावं? एकशे ऐंशीवं?
की हे ते पुस्तकच नव्हे,
आणि बगळा म्हणजे निव्वळ बगळा?

गेल्या महिन्यात मीच त्याला ते वाचायला दिलं.
काल परत केलं.
"वाचलंस?"
"दोनशे दहापर्यंत."
"आणि पुढं?"
"पुढं कशाला? इतकं बरं चाललं होतं गो त्यांचं."

आता या वाक्याचं काय करू मी?
सरळ वाचलं तर दार मिटतं,
उलटं धरलं तर उघडतं.
ज्याचा धंदाच भिंगांचा
त्यानं असं धूसर बोलावं?

फेरी टेकते. साखळ्या खडखडतात, फळी खाली जाते,
आधी स्कूटरी, मग माणसं.
तो इंजिन चालू ठेवून थांबतो, रोजच्यासारखा.

पुस्तकात दोनशे दहा आणि अकराच्या मध्ये
चष्मा पुसायचा पिवळा फडका आहे.
विसरला असेल.
मी काढलेला नाही.

पुस्तक वाचनालयाचं आहे,
रोजचे दोन रुपये दंड चढतोय.